वजनकाट्यावर न दिसणारी शुगर

कोल्हापूरकडं मधुमेहाबद्दल दोन समजुती घट्ट रुतून बसल्या आहेत. साखर सोडून गूळ धरला की भागलं, ही एक. आणि शुगर हे पोट सुटलेल्या, गादीवर बसून खाणाऱ्या माणसाचं दुखणं, सडसडीत माणसाला ते कशाला होईल, ही दुसरी. पहिली चटकन निकालात निघते. गुऱ्हाळात काहिलीत रस उकळतो, भेंडीच्या चिकानं मळी वर येते, ती काढून टाकतात, रस आटतो आणि ढेप पडते. यात मळी गेली, पाणी गेलं. साखर मात्र ढेपेतच राहिली. गुळात थोडं लोह आणि खनिजं असतात, हे खरं. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ते चवीला आणि मातीला मिळालेलं आहे. गुळाच्या चहानंही रक्तातली साखर चढायची ती चढतेच.

दुसरी समजूत जास्त घातक, कारण तिच्यामुळं तपासणीच राहून जाते. तिला खोडणारा पुरावा लांबून आणावा लागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे परिसरातल्या सहा खेड्यांमध्ये गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. बाळं सरासरी २.७ किलोंची, म्हणजे इंग्लंडमधल्या साडेतीन किलोंच्या बाळांपुढं अगदी लहान. पण मोजमापं घेतल्यावर दिसलं की कमतरता होती ती स्नायूंची आणि पोटातल्या अवयवांची. कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं बरीच टिकून होती. बाहेरून बारीक आणि आतून चरबीचं, असं हे बाळ. पुढं २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांबद्दल एकच सांगत होता.

ही चरबी करते काय? हातापायांवर, मांड्यांवर असते तोवर ती फारशी उपद्रवी नसते. पोटात, यकृतात आणि स्वादुपिंडात साठू लागली की इन्सुलिनचं काम अडतं. स्नायूंनी रक्तातली साखर उचलायची, पण ते दाद देत नाहीत. यकृत गरज नसताना साखर सोडत राहतं. स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन तयार करून वेळ मारून नेतं. ही ओढाताण वर्षानुवर्षं चालते, आणि या काळात माणसाला काहीही होत नसतं. मुळात कमी क्षमता घेऊन जन्मलेलं स्वादुपिंड लवकर थकतं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा, की निदान होतं त्या दिवशी इन्सुलिन तयार करण्याची जवळपास निम्मी ताकद आधीच गेलेली असते. सारखी तहान, रात्री चारदा लघवीला उठणं, जखम न भरणं ही पुढच्या टप्प्यावरची लक्षणं. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडं, पायाच्या नसा यांचं नुकसान गुपचूप होतं. कोल्हापुरी चप्पल नवी असताना चावते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याला ती चावल्याचं कळलंच नाही, त्यानं पाय डॉक्टरांना दाखवावा.

म्हणून लक्षणांची वाट पाहणं परवडत नाही. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्यावर, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा त्यावर, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ६.५ किंवा त्यावर असेल तर तो मधुमेह. लक्षणं नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करायची. उपाशीपोटी १०० ते १२५ हा उंबरठा. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर आहेत. कुणी तपासावं, हे ठरवायला काट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी: पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० च्या पुढं गेली, की वजन कितीही असो, तपासून घ्यावं. टेप पोटाभोवती धरायची. पँटचा नंबर खोटं बोलतो, कारण पँट पोटाखाली बांधलेली असते.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, आमचा आजा गूळ-भाकरी खाऊन ऐंशी वर्षं जगला. जगला असेल. पण तो औतामागं चालत होता आणि त्याची साखर कुणी तपासलीही नव्हती. आज शेतावर मोटारसायकल जाते आणि नांगरट ट्रॅक्टर करतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सगळं जन्मतःच ठरलं असेल तर पथ्यपाण्यानं काय साधणार? चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या माणसांना चालायला आणि आहार बदलायला लावलं. तीन वर्षांत मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. जन्मानं कल दिला, निकाल नव्हे. उलट याज्ञिकांच्या कामातून निघणारा धडा असा, की प्रतिबंधाची सुरुवात आई होणाऱ्या मुलीच्या ताटापासून व्हायला हवी.

गोळीबद्दलची भीतीही अशीच उलटी आहे. 'एकदा सुरू झाली की किडनी जाते' असं म्हणतात. मूत्रपिंड बिघडवते ती बेफाम साखर आणि रक्तदाब. मेटफॉर्मिन बहुतेकांना पहिलं औषध म्हणून देतात; मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर तिचा डोस कमी करतात किंवा ती थांबवतात. ती वर्षानुवर्षं घेणाऱ्यानं, विशेषतः शाकाहारी माणसानं, बी-१२ तपासून घ्यावं. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या हृदयाला आणि मूत्रपिंडांना उलट जपतात. इन्सुलिन लागलं तर ती शिक्षा नव्हे. थकलेल्या स्वादुपिंडाची भर कुठून तरी काढावीच लागते. ज्याचं वजन खरंच जास्त आहे त्यानं ते घटवलं तर साखर औषधाविना ताब्यात येऊ शकते; पण बारीक माणसाला उपाशी ठेवून काही साधत नाही, त्याला स्नायू हवेत. बैठका आणि जोर यांची सोय इथं पेठापेठांतल्या तालमींत आहेच. पंचाईत अशी, की पस्तिशीत तालीम सुटते, पण खुराक सुटत नाही.