कवेलूचं घर, बाहेरून पाहताना

यवतमाळहून घाटंजीमार्गे पांढरकवड्याकडे निघालं की वाटेतल्या गावांत तीन तऱ्हेची छपरं शेजारी शेजारी दिसतात. रस्त्यालगत घरकुलाचा स्लॅब, त्याला जोडून टिनाची छपरी आणि मागच्या अंगाला, बहुतेकदा गोठ्यावर, काळपट लाल कवेलू, म्हणजे मातीची कौलं. दोन पिढ्यांपूर्वी कवेलू समोर होता आणि टिन मागे. आता ज्याला जमेल तो आधी कवेलू उतरवतो.

शहरांत मात्र वारं उलटं फिरलं आहे. यवतमाळच्या बाहेर, नागपूर रस्त्याला, पुण्या-नाशिकच्या आसपास शेतघरं बांधणाऱ्यांना उताराचं छप्पर हवं आहे. बाजारात त्यासाठी डांबरी शिंगल मिळतात. अमेरिकेत मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स या गावी हेन्री रेनल्ड्सने १९०३ च्या सुमारास छपराच्या डांबरी गुंडाळ्या कापून त्यांचे तुकडे लावायला सुरुवात केली आणि पुढे निम्मी अमेरिका त्या छपराखाली आली. त्याआधी लोक लाकडाच्या फळ्या लावत. आपल्याकडे हिमाचलात देवदाराच्या फळ्या आणि पाटीचा दगड अजून दिसतो. साहित्य कोणतंही असो, रीत एकच: लहान लहान तुकडे एकमेकांवर चढवायचे आणि वरच्याचं पाणी खालच्याच्या पाठीवर सोडायचं. यवतमाळ जिल्ह्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या कवेलूने केलं. गडद डांबरी शिंगल ऊन पिऊन घेतो. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जाणाऱ्या मुलखात तो डोक्यावर घेण्याआधी इथल्या जुन्या घराकडे नीट पाहावं, असं मला मनापासून वाटतं. उताराच्या छपराचं घर बाहेरून देखणं कसं करायचं, याची बहुतेक उत्तरं तिथे आहेत आणि ती सगळी छपरापासून सुरू होतात.

हाताचा कवेलू चाकावर जन्मतो. नुसती काळी माती भाजताना तडकते, म्हणून कुंभार नाल्याकाठची, तलावातली गाळमाती आणतो, तीत राख किंवा लीद मिसळून तुडवतो. चाकावर तो एक पोकळ नळी वर ओढतो: बुडाशी रुंद, तोंडाशी अरुंद, साधारण वीतभर उंच. दोऱ्याने ती चाकावरून सोडवून सावलीत ठेवतो. बोट दाबलं तर ठसा उमटेल पण नळी वाकणार नाही, इतकी ती आवळली की तिच्या अंगावर समोरासमोर दोन उभे चिरे मारतो. वाळल्यावर हलकासा ठोका दिला की नळीचे दोन अर्धगोल सुटे होतात. एका नळीत दोन कवेलू. मग आवा रचायचा, गोवऱ्या आणि तुराट्या-पऱ्हाट्यांचं जळण घालून भाजायचा.

एक जुना कवेलू हातात घेऊन पाहा. त्याच्या पाठीवर कुंभाराच्या बोटांच्या बारीक आडव्या रेघा असतात. आव्याच्या मधोमध भाजलेला कवेलू शेंदरी निघतो, कडेचा फिका, धूर धरलेला जवळजवळ काळा. कोणतेही दोन अगदी सारखे नसतात, त्यामुळे छपरावरच्या ओळी किंचित हलतात आणि दुपारच्या उन्हात प्रत्येक कवेलूची सावली वेगळी पडते. यंत्राच्या छपराला हा पोत आणता येत नाही. आज कारखान्यातले ‘जुनाट रंगाचे’ कवेलू जास्त पैसे देऊन घेतले जातात, आणि खरे जुने गावात भरणीला जातात, याचं दुःख होतं.

छपराचा सांगाडा साधा. मधे मयाल, त्यावरून दोन्ही अंगांना उतरणारे फाटे, फाट्यांवर बांबूच्या कमच्या किंवा तट्टे. त्यावर वळचणीकडून सुरुवात करून आधी उताण्या कवेलूंची ओळ, तिच्यातून पाणी वाहतं. दोन उताण्या ओळींच्या सांध्यावर पालथी ओळ. रुंद तोंड अरुंद तोंडावर बसत वर वर जातं. खिळा नाही, सिमेंट नाही. केवळ वजनावर आणि एकमेकांच्या आधारावर सगळं छप्पर उभं असतं, म्हणून एक कवेलू फुटला तर तेवढा एक बदलता येतो. दोन थरांमधल्या पोकळीत हवा खेळते, चुलीचा धूर फटींतून निघून जातो, आणि जाता जाता बांबूला लागणारी कीड रोखतो.

या फटींची किंमत वर्षातून एकदा मोजावी लागे. अक्षय तृतीया झाली की मृगाच्या आत कवेलू फेरायचे. जाणता माणूस छपरावर चढून ओळी उकलायचा, कचरा झटकायचा, फुटके खाली टाकायचा, भिंतीशी रचून ठेवलेल्या ढिगातून नवे घ्यायचा. हे काम करणाऱ्याचा पाय कुठे पडतो ते पाहण्यासारखं असतं: नेहमी फाट्याच्या रेषेवर, कधीही मधे नाही.

आता घराच्या बाहेरच्या रूपाकडे वळू. कवेलूच्या छपराची पहिली मागणी वळचणीची. जिल्ह्यात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि भिंत मातीची असते. भिंतीला पाणी लागलं तर ती बसते. म्हणून छप्पर दोन-तीन फूट पुढे येतं आणि इतकं खाली उतरतं की उंच माणसाला आत शिरताना मान लववावी लागते. भर दुपारी याच वळचणीची सावली भिंतीवर पडते, भिंत तापत नाही, आणि लांबून पाहताना घर जमिनीला धरून बसलेलं दिसतं. आजच्या अनेक बंगल्यांत उतार असतो पण वळचण फूटभरसुद्धा नसते. छप्पर उसन्या टोपीसारखं वर ठेवलेलं वाटतं. छपराला शोभा आणायची असेल तर पहिला खर्च वळचणीवर करावा. बाकी सजावट नंतर.

दुसरी गोष्ट छपरीची. मुख्य उतार थोडा मंद करून पुढे ओढला की खाली सहा-आठ फूट रुंदीची छपरी मिळते. तिला सागाचे खांब. साग इथल्याच जंगलाचा. खांबाच्या बुडाशी दगडी तळखडा, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही लाकडापासून दूर. यवतमाळची छपरी नुसती बसायची जागा नव्हती. वेचणीचा कापूस इथे उतरायचा, भाव येईपर्यंत कोपऱ्यात त्याचा ढीग असायचा, मयालीला बंगई टांगलेली, पाहुण्याला पहिलं पाणी इथेच. घराच्या दर्शनी भागात नक्षीकाम कमी आणि खांबांची ओळच जास्त बोलकी, याचं कारण हा रोजचा वापर. नव्या घरात सिमेंटच्या कोरीव खांबांपेक्षा चार साधे, सरळ, योग्य अंतरावरचे खांब केव्हाही बरे.

जोतं काळ्या दगडाचं, दीड-दोन फूट उंच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंतींना भेगा पाडते. म्हणून जाणते लोक पायव्यातली काळी माती काढून मुरूम भरतात. वळचणीचं पाणी जमिनीवर आपटून उडतं ते याच दगडावर. दगडाचा काळा, मग भिंतीचा पांढरा, त्यावर सावलीचा पट्टा आणि वर कवेलूचा लाल. ही रंगसंगती कोणा सजावटकाराने ठरवली नाही, पण तिच्यापेक्षा चांगली मला सुचत नाही.

भिंतीवर थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त नासधूस तिथे होते. गरीब घराची भिंत पऱ्हाटीच्या कुडाची, वर माती-शेणाने छाबलेली. बऱ्या घराची मातीची किंवा विटांची. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर भागातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, बांबूच्या विणलेल्या भिंती मातीने लिंपलेल्या असत, आणि बांबू विणण्यात कोलामांचा हात धरणारा नाही. दिवाळीच्या आधी बायका भिंती छाबायच्या, पांढऱ्या मातीचा पोतेरा द्यायच्या. वणी-राजूर पट्ट्यात चुनखडी असल्याने चुनाही मिळे; त्यात चिमूटभर नीळ टाकली की विदर्भातला तो ओळखीचा फिकट निळा रंग येई. तळाला गेरूचा पट्टा, कारण शिंतोड्यांचे डाग तिथेच पडतात. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिकचा रंग चढवला की आतली ओल अडकते आणि दोन-चार पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. मातीच्या भिंतीला चुनाच द्यावा. विटांच्या भिंतीलाही चुन्याचा मंद रंग कवेलूखाली जास्त खुलतो. चकचकीत रंग छपराशी भांडतो.

छपराच्या आकाराबद्दल एकच सांगणं: दुपाखी ठेवा, फार तर चौपाखी. कागदावर छान दिसतात म्हणून छपराला पाच-सहा वळणं दिली की दोन उतार मिळतात त्या प्रत्येक खाचेतून घर गळतं. अंगणात वळचणीचं पाणी पडतं त्या रेषेवर चपटे दगड किंवा जाड मुरूम टाका, झाडं त्याच्या पलीकडे. दोडक्याचा किंवा वालाचा वेल छपरावर चढलेला गावात हमखास दिसतो, शोभतोही. झाडाची फांदी मात्र छपरावर येऊ देऊ नका. त्याचं कारण पुढे.

इंग्रजी, म्हणजे यंत्राच्या कवेलूची कथा वेगळी. फ्रान्सच्या अल्सास भागात जिलार्डोनी बंधूंनी १८४१ मध्ये खाचांनी एकमेकांत अडकणाऱ्या कवेलूचं पेटंट घेतलं. १८६५ मध्ये बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्टने मंगळूरला नदीकाठच्या चिकणमातीतून तसे कवेलू काढायचा कारखाना सुरू केला, आणि तिथून ते देशभर गेले. १९०५ मध्ये जुन्या ‘वून’ म्हणजे वणी जिल्ह्याला यवतमाळचं नाव मिळालं. त्या काळात ठिकठिकाणच्या कचेऱ्या, विश्रामगृहं, शाळा याच कवेलूने झाकल्या जात होत्या. चौरस मीटरला साधारण १५ कवेलू पुरतात, ओळ सरळ येते, दरवर्षी फेरावे लागत नाहीत. पण त्यांना चिरलेल्या लाकडाचा सरळ सांगाडा लागतो. वाकडा फाटा चालत नाही.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात गांधीजी १९३६ मध्ये शेगावला राहायला आले. त्या गावाचं पुढे सेवाग्राम झालं. मातीच्या भिंती, बांबू, देशी कवेलू, खोल वळचण आणि मीराबेननी भिंतीवर मातीतच उठवलेली झाडं नि चरखा: बापू कुटी बाहेरून पाहावी, म्हणजे साधेपणा किती विचारपूर्वक करावा लागतो ते कळतं. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने पुढे याच वाटेवर एक पाऊल टाकलं. कुंभाराने चाकावर केलेले शंकूच्या आकाराचे पोकळ पेले एकात एक बसवून त्यांनी कमानीचं छप्पर उभं केलं. त्याला लाकूड लागत नाही, लोखंडही नाही.

मग कवेलू का गेला? कारणं खरी आहेत आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. सर्वांत मोठं कारण वानर. जंगल विरळ झालं तशी वानरांची टोळी गावात आली. फांदीवरून छपरावर उडी पडली की एका वेळी दहा-वीस कवेलूंचा चुरा. त्यातून विंचू, साप, उंदीर यांना कवेलूखाली जागा मिळते. साग महाग झाला. कवेलू फेरणारे म्हातारे झाले आणि त्यांची मुलं दुसऱ्या कामाला लागली. कुंभाराला माती आणि जळण दोन्ही मिळेना. याच्या जोडीला सरकारी रकाना. २०११ च्या जनगणनेत हाताचे कवेलू आणि यंत्राचे कवेलू वेगळे मोजले गेले, आणि घरकुलाच्या हिशेबात हाताच्या कवेलूचं घर कच्चं ठरतं. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचं घर. २०२३ पासून कोलामांसारख्या समूहांसाठी जनमन योजना आली. पक्क्या घराचा हक्क मोलाचा आहे. ज्या बाईने वीस पावसाळे गळत्या छपराखाली टोपली ठेवून काढले, तिला कवेलूचं कौतुक सांगणं अन्यायाचं होईल.

पण स्लॅब म्हणजे कवेलूला कायमचा निरोप, असं असायला नको. स्लॅबच्या पुढे छपरी काढायचीच असते. तिथे टिनाऐवजी कवेलू टाकता येतो. चौकोनी लोखंडी पाइपचा सांगाडा आणि त्यावर इंग्रजी कवेलू तारेने बांधले तर वानराला ते सहज उचकटता येत नाहीत. काही ठिकाणी खाली टिन आणि वर जुने कवेलू पसरतात. गळती टिन थांबवतं, ऊन कवेलू अडवतो. तापलेल्या स्लॅबवर जुने कवेलू चुन्याच्या मालात बसवले तरी वरच्या खोलीला फरक जाणवतो. बांबूची अडचणही हलकी झाली आहे: २०१७ मध्ये वनाबाहेरचा बांबू कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेतकऱ्याला बांधावरचा बांबू तोडायला आणि न्यायला मोकळीक आहे. जिल्ह्यातल्या अभियंत्यांनी घरकुलाच्या नमुना नकाशांत दोन फुटांची वळचण आणि कवेलूची छपरी एवढी भर घातली तरी गावांचं रूप बदलेल, आणि उन्हाळाही थोडा सोसवेल.

या उन्हाळ्यात ज्यांच्या घरी जुनं छप्पर उतरवायचं ठरलं आहे, त्यांना विनंती आहे. कवेलू वरून फेकू नका, पायव्याच्या भरणीत टाकू नका. एकेक काढून झटका, वाजवून पाहा. खणखणीत वाजेल तो चांगला, भद्द वाजेल तो तडकलेला. चांगले कवेलू भिंतीशी उभे रचून ठेवा. पुढच्या छपरीला ते लागतील. तुम्हाला नकोच असतील, तर शोधत येणारं कोणीतरी नक्की भेटेल.