कंटेनरद्वारे स्थिर संकेतस्थळाची उभारणी

ज्या संकेतस्थळाची पाने आधीच तयार करून ठेवलेली असतात व वाचकाने मागताच जशीच्या तशी पाठवली जातात, त्यास स्थिर संकेतस्थळ किंवा स्टॅटिक वेबसाइट म्हणतात. ही पाने तयार करणारी साधने आणि ती पुरवणारा सर्व्हर कंटेनरमध्ये ठेवल्यास एका संगणकावरील काम दुसऱ्यावर पुन्हा तसेच करता येते.

मुंबईतील शिवडीच्या खाडीचे उदाहरण घेता येईल. येथे हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रोहित पक्षी आढळतात. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर ते चरत असल्याने पक्षिनिरीक्षकांना भरती-ओहोटीचे वेळापत्रक लागते. या वेळा गणिताने वर्षभर आधी काढता येतात. म्हणून त्या देणाऱ्या संकेतस्थळास डेटाबेसची गरज नसते. वर्षाची ३६५ पाने एकदा तयार केली की पुरते.

नाव

शिवडीच्या पैलतीरी न्हावाशेवा येथे १९८९ साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर मुख्यतः कंटेनरचे बंदर आहे. पेटीत काय आहे हे क्रेनचालकास ठाऊक असावे लागत नाही. पेटीची मापे ठरलेली असतात. संज्ञा तेथूनच आली. २०१३ साली खुल्या झालेल्या 'डॉकर' या प्रणालीचे नावही गोदी कामगारासाठीच्या इंग्रजी शब्दाचेच आहे. मात्र संगणकातील कंटेनर ही पूर्ण बंद पेटी नव्हे. यजमान संगणकाचा कर्नेल सर्व कंटेनर मिळून वापरतात.

बांधणी

कृती 'डॉकरफाइल' नावाच्या साध्या मजकुरात लिहितात आणि तिच्यावरून 'इमेज' बनते. २०१७ पासून डॉकरमध्ये बहुटप्पी बांधणी करता येते. पहिल्या टप्प्यात ह्यूगो किंवा जेकिलसारखे साधन पाने तयार करते. दुसऱ्यात एनजिनएक्स हा सर्व्हर व तयार पाने एवढेच उरते. मूळ इमेजची आवृत्ती स्पष्ट लिहावी लागते. 'लेटेस्ट' हे लेबल कालांतराने वेगळ्याच आवृत्तीकडे वळते आणि पुढच्या वर्षी वेळापत्रक बनवू पाहणाऱ्या नव्या माणसाची बांधणी अडू शकते.

घड्याळाचा दोष अधिक फसवा असतो. कंटेनर सहसा जागतिक प्रमाणवेळ धरून चालतो. काही लहान इमेजमध्ये कालविभागांची माहितीही नसते. भारतीय वेळ नेमून दिली नाही, तर साधन स्थानिक वेळ म्हणून साडेपाच तास आधीची वेळ छापू शकते. मुंबईत भरती व ओहोटी यांत साधारण सव्वासहा तासांचे अंतर असते. त्यामुळे 'ओहोटी' वाचून आलेल्यास जवळजवळ भरतीचे पाणी दिसेल. बांधणी मात्र कोणतीही त्रुटी न दाखवता पूर्ण होते.

प्रकाशन

तयार इमेज रजिस्ट्रीत ठेवतात. सर्व्हर ती उतरवून कंटेनर चालू करतो. चालू कंटेनरमध्ये शिरून पान दुरुस्त करू नये, कारण कंटेनर काढताच तो बदल नाहीसा होतो. दुरुस्तीसाठी नवी इमेज बांधतात. ती बिघडलीच तर जुनी पुन्हा लावता येते.

लहान संकेतस्थळासाठी हा शेवटचा टप्पा अनेकदा अनावश्यक असतो. पहिल्या टप्प्यातून निघालेली पाने कोणत्याही साध्या वेब सर्व्हरवर ठेवता येतात. तेथे कंटेनरचा उपयोग केवळ बांधणीपुरता राहतो.