व्यवस्थापन सल्लागार : पदवीधरांसाठी एक अपरिचित क्षेत्र

आपल्या समाजातील मुलगा वा मुलगी पदवीधर झाली की घरात चर्चा सुरू होते ती बँक, रेल्वे, एलआयसी आणि स्पर्धा परीक्षांची. हे स्वाभाविकच आहे. बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या राखीव जागांमुळेच आमची आधीची पिढी कचेरीपर्यंत पोहोचली. परंतु चांगल्या पगाराच्या बऱ्याच जागा आज खाजगी क्षेत्रात आहेत आणि तेथे राखीव जागा नाहीत. अशा क्षेत्रांपैकी एक म्हणजे मॅनेजमेंट कन्सल्टन्सी, अर्थात व्यवस्थापन सल्लागाराचा व्यवसाय. आपल्या विद्यार्थ्यांना त्याची ओळख व्हावी म्हणून हा लेखनप्रपंच.

हा व्यवसाय म्हणजे काय?

एखाद्या कारखान्याचा नफा घटतो, एखाद्या बँकेला नव्या शाखा कोठे काढाव्यात हे ठरवायचे असते, एखाद्या शासकीय खात्याला योजना वेळेत लोकांपर्यंत पोहोचवायची असते. अशा वेळी बाहेरची तज्ज्ञ मंडळी बोलावून ठराविक मुदतीत प्रश्नाचा अभ्यास करून घेतला जातो. हाच सल्लागाराचा धंदा. शिकागो विद्यापीठातील हिशेबशास्त्राचे प्राध्यापक जेम्स मॅकिन्झी यांनी १९२६ साली काढलेली मॅकिन्झी, १९६३ सालची बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप आणि १९७३ सालची बेन या त्यातील नामवंत कंपन्या. डेलॉइट, केपीएमजी, ईवाय, पीडब्ल्यूसी व अॅक्सेंचर यांचेही सल्ला विभाग भारतात मोठे आहेत.

नवा पदवीधर येथे ‘अॅनालिस्ट’ म्हणून लागतो. माहिती गोळा करणे, आकडे तपासणे, लोकांच्या मुलाखती घेणे आणि निष्कर्ष थोडक्यात मांडणे हे त्याचे काम. पगार चांगला असतो; पण कामाचे तास फार आणि प्रवासही पुष्कळ. अनेक ठिकाणी ठराविक काळात बढती मिळाली नाही तर दुसरी नोकरी पाहावी लागते. हे आधीच माहीत असलेले बरे.

प्रवेशाचे मार्ग

पहिला मार्ग एमबीएचा. आयआयएममध्ये प्रवेशासाठी ‘कॅट’ ही परीक्षा सामान्यतः नोव्हेंबरअखेर होते. तीत इंग्रजी आकलन, तर्क व तक्ते आणि गणित असे तीन भाग असतात. आयआयएममध्ये अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा राखीव आहेत. १९९० सालच्या दुरुस्तीमुळे धर्मांतरित बौद्धांनाही केंद्राच्या या सवलती मिळतात. मात्र जातीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात हवा आणि तो अर्ज भरतानाच हाती असावा. आपल्या राज्यात आयआयएम नागपूर आणि आयआयएम मुंबई (पूर्वीची नीटी) या संस्था आहेत. मुंबईची जमनालाल बजाज संस्थाही नावाजलेली आहे. तेथे राज्याच्या सीईटीतून प्रवेश मिळतो.

जुन्या आयआयएमची दोन वर्षांची फी वीस लाखांवर गेली आहे, हे ऐकूनच पालक माघार घेतात. परंतु अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची ‘टॉप क्लास’ शिष्यवृत्ती आहे. तिच्यात उत्पन्नाची मर्यादा व जागा ठरलेल्या असतात. म्हणून चालू वर्षाची जाहिरात पाहून वेळीच अर्ज करावा.

दुसरा मार्ग पदवीनंतर थेट. मोठ्या कंपन्या निवडक महाविद्यालयांत येऊन मुले निवडतात. आपले महाविद्यालय त्या यादीत नसेल तरी निराश होऊ नये. वाणिज्य पदवीधर, सी.ए. आणि अभियंते लेखापरीक्षण किंवा संगणक कंपनीत अनुभव घेऊन सल्ला विभागात जाऊ शकतात.

मुलाखत कशी असते?

येथे पाठांतर चालत नाही. उमेदवारापुढे एक प्रश्न ठेवतात आणि तो कसा विचार करतो हे पाहतात. उदाहरणार्थ, ‘एका दूध संघाचा रोजचा नफा ४० हजारांवरून ३० हजारांवर आला. काय कराल?’ घाईने ‘शेतकऱ्यांना दर कमी द्या’ असे म्हणणारा नापास होतो. आधी नफ्याचे दोन भाग करावेत: उत्पन्न आणि खर्च. विक्री पूर्वीइतकीच, १०,००० लिटर, भावही तोच. म्हणजे दोष खर्चात. दुधाचा खरेदी दर, मजुरी, वीज तीच. वाढली ती वाहतूक. पूर्वी ५,००० लिटरच्या टँकरच्या दोन भरलेल्या फेऱ्या होत. आता अर्ध्या भरलेल्या चार होतात. एका फेरीला ५,००० रुपये धरले तर नुकसान बरोबर १०,००० रुपयांचे. चार फेऱ्या का? गावातील बल्क कूलर बंद पडल्याने संध्याकाळचे दूध ठेवता येत नाही, ते वेगळे न्यावे लागते. मग उपाय कूलर दुरुस्त करण्याचा आहे, शेतकऱ्याच्या पोटावर पाय देण्याचा नाही.

असा विचार कोणत्याही गावचा मुलगा करू शकतो. त्याला हवा असतो तो सराव, समोर बसून उलट प्रश्न विचारणारा माणूस आणि इंग्रजीत न अडखळता बोलण्याची सवय. ज्यांच्या घरात काका-मामा अशा नोकरीत आहेत त्यांना हे जेवणाच्या पानावर मिळते. आमच्या मुलांना ते मिळत नाही. खरी दरी येथे आहे.

बाबासाहेबांचा अनुभव

बाबासाहेबांनी स्वतः हा व्यवसाय करून पाहिला होता, हे थोड्यांनाच ठाऊक असते. १९१७ साली बडोद्याची नोकरी अपमानामुळे सोडावी लागल्यावर त्यांनी मुंबईत शेअर्स व गुंतवणुकीसंबंधी सल्ला देण्याची कचेरी काढली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि कचेरी बंद पडली. ज्ञानात उणीव नव्हती. लोकांच्या मनात होती. पुढे १९१८ साली ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. ते दार आज पूर्णपणे उघडले आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण ते ठोठावायला आमची मुले गेलीच पाहिजेत.

सम्यक आजीविका

तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली आहे. सल्लागाराने ती विसरू नये. व्यसन जडविणाऱ्या वेदनाशामक औषधांच्या विक्रीबाबत दिलेल्या सल्ल्यावरून मॅकिन्झीला २०२१ साली अमेरिकेत सुमारे ५७ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. सल्ला हुशारीचा असून भागत नाही. त्याने कोणाचे अकल्याण होते हेही पाहावे लागते.

आपण काय करावे?

विहारात रविवारी वंदनेनंतर एक तास चार-पाच विद्यार्थ्यांनी एकत्र बसावे. एकाने प्रश्न ठेवावा, दुसऱ्याने सोडवावा, बाकीच्यांनी चुका सांगाव्यात. एक रविवार मराठीत, पुढचा इंग्रजीत. बँकेतून निवृत्त झालेल्या व खाजगी नोकरीतील सभासदांनी मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीत बसावे. असा तास देऊ शकणाऱ्या सभासदांनी आपली नावे संस्थेच्या कार्यालयात नोंदवावीत, ही नम्र विनंती. याला देणगी लागत नाही, वेळ लागतो.

जय भीम!