खंदकाच्या काठावरचे उद्यान

जत्रेतील पाळण्यात बसण्याची ओढ कोणत्या मुलाला नसते? जत्रा मात्र चार दिवसांत उठते. मनोरंजन-उद्यान म्हणजे जणू एका जागी कायमची वसलेली जत्राच होय. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील ‘टिव्होली’ हे जगातील अतिशय जुन्या मनोरंजन-उद्यानांपैकी एक आहे.

गेओर्ग कार्स्टेनसेन याने १८४३ साली हे उद्यान सुरू केले. त्या काळी डेन्मार्कमध्ये राजाची अनियंत्रित सत्ता होती. ‘प्रजा करमणुकीत रमली, म्हणजे राजकारणाचा विचार करीत नाही,’ असे सांगून त्याने राजा आठवा ख्रिश्चन याची परवानगी मिळवली, असे म्हणतात. उद्यानासाठी शहराच्या तटबंदीलगतची जागा मिळाली. उद्यानातील आजचे तळे हा त्या जुन्या खंदकाचाच उरलेला भाग आहे. शत्रूला अडवण्यासाठी खणलेल्या या खंदकाच्या काठावर आता फुलांचे ताटवे आहेत.

शहराच्या मुख्य रेल्वे स्थानकालगतच हे उद्यान असल्याने परदेशी कुटुंबांनाही तेथे सहज पोहोचता येते. प्रवेशाचे तिकीट वेगळे आणि खेळांचे वेगळे असते. त्यामुळे ज्या आजी-आजोबांना उंच पाळण्यात बसायचे नसते, तेही बागेत फिरतात, संगीत ऐकतात आणि नातवंडांची वाट पाहत तळ्याकाठी विसावतात. १८७४ साली बांधलेल्या नाट्यगृहाचा पडदा मोराच्या पिसाऱ्याच्या आकाराचा आहे. तेथील रंगमंचावर मूकनाट्य होते आणि प्रेक्षक उघड्यावरून ते पाहतात. शब्दच नसल्यामुळे डॅनिश भाषा न जाणणारा पाहुणाही त्यात रंगून जातो.

मुलांची खरी गर्दी होते ती १९१४ साली उभारलेल्या लाकडी घसरगाडीपाशी. यंत्राच्या साहाय्याने गाडी उंचावर ओढली जाते. उंचीमुळे तिला मिळालेली स्थितिज ऊर्जा उतारावर गतिज ऊर्जेत बदलते आणि गाडी वेगाने धावू लागते. पुढचा चढही ती याच वेगाच्या बळावर चढते. प्रत्येक गाडीत प्रवाशांसोबत एक कर्मचारी बसतो आणि वळणे व उतार पाहून हाताने ब्रेक लावतो. मुले भीतीने किंचाळतात आणि खाली उतरताच पुन्हा रांगेत उभी राहतात. कारण भीती क्षणाची असते आणि सुरक्षिततेची खात्री मनात असते.

या उद्यानाने खरे भयही अनुभवले आहे. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात होता. डॅनिश प्रतिकाराचा सूड म्हणून जून १९४४ मध्ये नाझींच्या हस्तकांनी टिव्होलीत स्फोट घडवले. संगीतगृहासह अनेक इमारती जळून गेल्या. तरीही काही आठवड्यांतच तात्पुरत्या इमारती उभारून उद्यान पुन्हा उघडण्यात आले. करमणूक माणसाला सारे विसरायला लावते, असे कार्स्टेनसेनने राजाला सांगितले होते. शंभर वर्षांनंतर मात्र त्याच करमणुकीच्या जागेवर सूड उगवला गेला. कारण ती लोकांना आपली वाटत होती.

संध्याकाळी उद्यानातील असंख्य दिवे उजळतात आणि तळ्याच्या पाण्यात त्यांची प्रतिबिंबे हलू लागतात. दिवसभर खेळून दमलेली मुले वडिलांच्या खांद्यावर डोके टेकून फाटकाकडे निघतात. मागे ते पाणी चमकत राहते. एके काळी शहराच्या रक्षणासाठी खणलेल्या खंदकाचे.