किटलीला पंख नकोत : 'प्रोफिल' आणि त्याचे संपादक

मागच्या वेळी एका श्रोत्याने विचारलं होतं की, नियतकालिकाचा संपादक नेमकं काय करतो? लेख निवडतो, शुद्धलेखन तपासतो, पैसे गोळा करतो, हे झालंच. पण कधी कधी संपादक भाषेला एखादी गोष्ट करायला मनाई करतो. आज तसं एक उदाहरण घेऊ या, नॉर्वेतलं. तिकडच्या नावांचे उच्चार मी जमतील तसे करतो, सांभाळून घ्या.

नॉर्वेत वाङ्मयीन नियतकालिकांची परंपरा जुनी आहे. 'साम्तिदेन' १८९० साली बर्गेनमध्ये निघालं. त्याचे एक संस्थापक गेरहार्ड ग्रान पुढे साहित्याचे प्राध्यापक झाले आणि कित्येक दशकं ते संपादक राहिले. 'विंदुएत', म्हणजे खिडकी, हे गिल्डेंडाल या प्रकाशनसंस्थेने १९४७ मध्ये काढलं. कादंबरीकार योहान बोर्गेन पन्नाशीच्या दशकात त्याचे संपादक होते. दोन्हीकडे वजनदार माणूस मध्ये आणि बाकीचे त्याच्या भोवती, असा प्रकार.

'प्रोफिल'चं तसं नव्हतं. ते ऑस्लो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचं पत्र. आधी त्याचं नाव 'फिलोलोगेन' होतं. १९६६ च्या सुमारास ते पंचविशीच्या आतबाहेरच्या मुलामुलींच्या हातात आलं. दाग सोलस्ताद, यान एरिक वोल्ड, तोर ओब्रेस्ताद, एस्पेन हावार्ड्सहोल्म, आइनार ओकलान्ड, पाउल-हेल्गे हाउगेन, एल्ड्रिड लुंडेन. एक संपादक असा नाहीच, सगळी टोळी. (आपल्याकडची लघुनियतकालिकं काहींना आठवतील. ती तुलना आज करत नाही.)

सुरुवातीला त्यांचं म्हणणं साधं होतं : नॉर्वेचं गद्य युरोपच्या मागे पडलंय. सोलस्तादने १९६६ मध्ये 'प्रोफिल'मध्ये लेखच लिहिला, नॉर्वेजियन गद्य आणि युरोपीय आधुनिकता या विषयावर. इथवर नवीन काही नाही, प्रत्येक तरुण पिढी हे म्हणते. खरी गंमत पुढे आहे. १९६७ च्या 'स्विंगस्तोल' या पुस्तकात सोलस्ताद कॉफीच्या किटलीला पंख द्यायला नकार देतो. म्हणजे काय? तर कवीला किटली दिसली की तो लगेच तिचा पक्षी करतो, एकटेपणाचं प्रतीक करतो, आईची आठवण करतो. सोलस्ताद म्हणतो, किटलीला किटली राहू द्या.

तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे हुसर्ल आठवणारच. 'वस्तूंकडे परत चला' ही त्याची हाक. पण हुसर्लला वस्तू जाणिवेला कशी दिसते हे तपासायचं होतं. या मुलांना तिच्यावर लादलेला अर्थ उतरवायचा होता. हा प्रश्न नैतिक आहे, बघा. जे समोर आहे त्याला मी माझ्या भावनांचं वाहन का करू? हाउगेनने १९६५ मध्येच जपानी हायकू नॉर्वेजियनमध्ये आणले होते, तेही याच वाटेवरचं. वोल्डचं १९६८ चं ऑस्लोवरचं कवितांचं पुस्तक तर रस्त्यावरच्या बोलीत आहे, आणि ते लोकांनी खरोखर विकत घेऊन वाचलं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १९६५ पासून नॉर्वेचं सरकार नव्या साहित्याच्या प्रती ग्रंथालयांसाठी विकत घ्यायला लागलं. एका पुस्तकाच्या १००० प्रती. म्हणजे बंडखोरांचं ग्राहक सरकारच! मला यात विसंगती दिसत नाही. पण त्यांच्यातल्या काहींना ती पुढे टोचली असावी.

कारण १९७० च्या आसपास यांच्यातले सोलस्ताद, ओब्रेस्ताद, हावार्ड्सहोल्म माओवादी चळवळीत गेले. आता साहित्याने कामगारवर्गाच्या उपयोगी पडायचं ठरलं. ओब्रेस्तादने १९७२ मध्ये सौदाच्या संपावर कादंबरी लिहिली. सोलस्तादच्या १९७१ च्या कादंबरीतला लेखक आरिल्ड आस्नेस शेवटी 'क्लासेकाम्पेन', म्हणजे वर्गलढा, हे पत्र दारोदार विकायला निघतो. वोल्ड मात्र त्या वाटेने गेला नाही.

किटलीला प्रतीक करू नका म्हणणारा माणूस पाच वर्षांत कादंबरीलाच हत्यार करायला निघतो, हे कसं? पुष्कळ जण याला कोलांटउडी म्हणतात. मला तसं वाटत नाही. दोन्ही वेळी चीड एकच आहे, शोभेच्या अर्थाची. वस्तूला सजवायचं नाही, हे एकदा मनापासून मानलं की पुढचा प्रश्न येतोच : मग ही किटली कोणी बनवली, कोणत्या कारखान्यात, किती मजुरीवर? प्रश्न रास्त आहे. चूक उत्तरात झाली. उत्तर पक्षाकडून तयार आलं, आणि किटलीला पुन्हा पंख फुटले, फक्त या वेळी लाल.

सोलस्तादला हे कळलं होतं, असं मी १९८२ च्या त्याच्या कादंबरीच्या नावावरून म्हणतो. लांबलचक नाव आहे. पेडरसन नावाचा एक शिक्षक आपल्या देशावर आलेल्या महान राजकीय जागृतीची हकीकत सांगतो. जागृतीसाठी त्याने जो शब्द वापरलाय, 'वेक्केल्से', तो नॉर्वेत ख्रिस्ती धर्मजागराच्या लाटांसाठी वापरतात. आणि ती 'आली' यासाठी जे क्रियापद आहे, ते साथ आली, संकट आलं, असं सांगताना येतं. तरीही तो त्या लोकांची टिंगल करत नाही. पेडरसन त्यांच्यातलाच एक होता.