विश्लेषण : फिनलंडच्या लष्करी पदकांवर स्वस्तिक कसे? नाझी जर्मनीशी त्याचा संबंध किती?

फिनलंडच्या हवाई दलाने आपल्या तुकड्यांच्या ध्वजांवरील स्वस्तिक काढणार असल्याचे ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले. ते चिन्ह इतकी वर्षे तिथे होते, हीच बातमी अनेकांसाठी नवी होती. २०२३ मध्ये हा देश ‘नाटो’त गेला, परदेशी लष्करी पाहुण्यांची ये-जा वाढली आणि त्या ध्वजांपुढे उभे राहताना अवघडल्यासारखे होऊ लागले. ध्वजांचा प्रश्न मिटला. पण दुसऱ्या महायुद्धात हजारो फिनिश सैनिकांच्या छातीवर झळकलेल्या पदकांतही हेच चिन्ह आहे, आणि ते आजही कायम आहे.

हे चिन्ह आले कुठून?

हिटलरकडून नाही. नाझी पक्षाने स्वस्तिक स्वीकारले १९२० मध्ये. फिनलंडमध्ये ते त्याच्या दोन वर्षे आधीच पोहोचले होते. रशियापासून नुकताच स्वतंत्र झालेला हा देश १९१८ मध्ये यादवी युद्धात होरपळत होता. त्या मार्चमध्ये स्वीडनचे सरदार एरिक फॉन रोझेन यांनी सरकारी फौजांना एक विमान भेट दिले. पंखांवर निळे स्वस्तिक रंगवलेले होते, ते त्यांचे स्वतःचे शुभचिन्ह. हवाई दलाने तेच आपले केले. त्याच महिन्यात स्थापन झालेल्या ‘क्रॉस ऑफ लिबर्टी’ या लष्करी सन्मानाची रचना चित्रकार आक्सेली गालेन-काल्लेला यांनी केली आणि क्रॉसमध्येच स्वस्तिक गुंफले. फिनिश भाषेत त्याला ‘हाकारिस्ती’ म्हणतात. आपल्या उंबरठ्यावरच्या स्वस्तिकासारखे ते सरळ उभे असते. नाझींचे बहुधा तिरपे.

इथपर्यंत सगळे निरागस वाटते. मात्र फॉन रोझेन यांची मेहुणी कारिन पुढे हरमन गोअरिंगची पत्नी झाली आणि खुद्द फॉन रोझेनही नंतर नाझींकडे झुकले. तेव्हा ‘आमचा काही संबंध नाही’ हे उत्तर जरा जास्तच सोपे ठरते.

फिनलंड जर्मनीचा मित्रदेश होता का?

फिनलंडचे अधिकृत उत्तर : नाही, आम्ही फक्त एकाच शत्रूशी लढत होतो. सोव्हिएत संघाने नोव्हेंबर १९३९ मध्ये हल्ला केला, मार्च १९४० मध्ये मोठा भूभाग हिसकावला. तो परत मिळवण्यासाठी १९४१ मध्ये फिनलंड जर्मनीबरोबर युद्धात उतरला. त्रिपक्षीय करारावर त्याने कधीच सही केली नाही. पण साम्यवादविरोधी करारात तो सामील झाला आणि त्याच्या उत्तर भागात जर्मन फौजा तळ ठोकून होत्या. जून १९४२ मध्ये सरसेनापती मॅनरहाइम यांच्या पंचाहत्तरीला हिटलर स्वतः हजर होता. दोन्ही सैन्ये एकमेकांच्या लोकांना पदकेही देत होती.

सर्वोच्च पदक कोणते?

डिसेंबर १९४० मध्ये सुरू झालेला ‘मॅनरहाइम क्रॉस’. तो ‘क्रॉस ऑफ लिबर्टी’चाच भाग. साध्या शिपायापासून जनरलपर्यंत कोणालाही मिळू शकणारा हा सन्मान १९१ जणांना मिळाला, चौघांना दोनदा. त्यांत ९४ विमाने पाडल्याची नोंद नावावर असलेले वैमानिक इल्मारी युतिलाइनेन होते. सोबत ५० हजार मार्क रोख मिळत. लेफ्टनंटच्या वर्षभराच्या पगाराएवढी ही रक्कम, म्हणजे शेतकऱ्याच्या मुलाचे घर उभे राहील इतकी. या पदकाचे अखेरचे मानकरी तुओमास गेर्ट यांचे नोव्हेंबर २०२० मध्ये निधन झाले.

पदक नाकारणारे ते तिघे कोण?

फिनलंडच्या सैन्यात सुमारे ३०० ज्यू होते. हिटलरच्या फौजांच्या बाजूला उभे राहून ते लढले. आघाडीवर, जर्मनांपासून फार दूर नसलेल्या तंबूत त्यांनी प्रार्थनास्थळही चालवले. लष्करी डॉक्टर लिओ स्कुर्निक यांनी तोफांच्या माऱ्यात सहाशेहून अधिक रुग्णांचे रुग्णालय हलवले. त्यांत जर्मन सैनिकही होते. जर्मनीने त्यांना ‘आयर्न क्रॉस’ देऊ केला. कॅप्टन सालोमोन क्लास आणि परिचारिका दिना पोल्याकॉफ यांनाही. तिघांनीही नकार दिला.

ज्यू नागरिकांना जर्मनीच्या हवाली करण्यास फिनलंड तयार झाला नाही, हे खरे. पण नोव्हेंबर १९४२ मध्ये आठ ज्यू निर्वासित गेस्टापोच्या ताब्यात देण्यात आले. वाचला एकच. पंतप्रधान पावो लिप्पोनेन यांनी २००० मध्ये त्याबद्दल माफी मागितली.

इतर मित्रदेशांच्या पदकांचे काय झाले?

रुमानियाने १९४२ मध्ये ‘साम्यवादविरोधी धर्मयुद्ध’ या नावाचे पदक काढले. ऑगस्ट १९४४ मध्ये राजे मिहाई यांनी हुकूमशहा आंतोनेस्कूला अटक करून बाजू बदलली. मग ते पदक छातीवर मिरवणार कोण? पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघाने राजांना आपला ‘ऑर्डर ऑफ व्हिक्टरी’ दिला. क्रोएशियाच्या नाझीधार्जिण्या राजवटीने १९४१ मध्ये सुरू केलेले सन्मान १९४५ मध्ये त्या राजवटीबरोबरच संपले. फिनलंडचे तसे झाले नाही. तेथे राज्यव्यवस्था टिकली, म्हणून पदकेही टिकली.

मग स्वस्तिक कुठून गेले, कुठे राहिले?

सप्टेंबर १९४४ मध्ये शस्त्रसंधी झाल्यावर फिनलंडला जर्मनांविरुद्धच लढावे लागले. १ एप्रिल १९४५ पासून विमानांवर स्वस्तिकाऐवजी निळे-पांढरे वर्तुळ आले. ‘व्हाइट रोझ’ हा सन्मान परदेशी राष्ट्रप्रमुखांनाही दिला जातो. त्याच्या साखळीतील स्वस्तिके १९६३ मध्ये काढून देवदाराच्या फांद्यांचे क्रॉस बसवण्यात आले. हवाई दलाच्या मुख्यालयाने २०१७ मध्ये आपल्या बोधचिन्हातून ते गाजावाजा न करता वगळले. इतके गुपचूप, की जगाला ते २०२० मध्ये कळले.

‘क्रॉस ऑफ लिबर्टी’ला मात्र हात लागलेला नाही. राष्ट्राध्यक्षांच्या ध्वजाच्या वरच्या कोपऱ्यातही तोच क्रॉस आहे, आणि २०२५ चा निर्णय त्या ध्वजाला लागू नाही.