मुलाखतीचा सराव सोबत्याशी

१९७२ च्या दुष्काळाची माहिती वृद्धांकडून मिळविण्याचा उपक्रम सातवीच्या वर्गास घेण्याजोगा आहे. त्या वेळी खडी फोडावयास गेलेली, मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली तरुण माणसे आता सत्तरीपुढे गेली आहेत. त्यांच्यापुढे मुलांना एकदम नेऊन उभे करू नये. प्रथम वर्गातच दोघादोघांनी परस्परांची मुलाखत घ्यावी. विषय घरच्या पाण्याचा असावा.

‘तुमच्याकडे पाण्याचे हाल आहेत ना?’ असे विचारल्यास सोबती ‘हो’ म्हणतो आणि गप्प बसतो. तेच ‘काल पाणी कोणी, कोठून आणले?’ असे विचारावे. तो आईविषयी, रांगेविषयी, भांडणाविषयीही बोलू लागतो. प्रश्नातच उत्तर घालण्याची खोड मुलांची नव्हे, आम्हां शिक्षकांची आहे. ती त्यांना आमच्याकडूनच लागते.

सोबती थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. मनात दहा अंक मोजावेत; पुष्कळदा खरी हकीकत त्यानंतर येते. तो ‘हापसा’ म्हणाला तर वहीत ‘हातपंप’ लिहू नये. टिपण त्यास वाचून दाखवावे, चुकले असेल ते त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यावे.

मग भूमिका बदलाव्यात. नको असलेला प्रश्न कसा बोचतो, हे उत्तर देणाऱ्यासच कळते. पुढे एखाद्या आजीबाई दावणीतून गेलेल्या बैलांची आठवण सांगता सांगता थांबल्या, तर त्या मुलाने वही मिटून नुसते जवळ बसावे.